खुर्च्या विणणारी सोलांज

सोलांजच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं गावात सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचे. कुणाच्या सुनेचं सासूशी वाजलं, कुणाच्या डुकरिणीला किती पिल्लं झाली, पाद्रीबाबांच्या बुटाला भोक कुठे पडलंय, हे सगळं तिला ठाऊक असायचं आणि तिच्याकडून आम्हाला. ती आमच्या बेकरीत आली की मागची रांग खोळंबायची.

ती खुर्च्या विणायची. सायकलीला लव्हाळ्याची मोळी बांधून मोर्वाँच्या डोंगरातल्या वस्त्यांवर फिरायची, अंगणात बसून दोऱ्या वळायची, खुर्चीची बैठक विणून द्यायची आणि वाडगाभर सूप पिऊन पुढच्या दाराला जायची. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं. घरी आंधळी आई होती. माझ्या नवऱ्याने, फेर्नाँने, एकदा तिला लग्नावरून डिवचलं तर म्हणाली, "चर्चमध्ये माझ्या तीनशे खुर्च्या आहेत. एवढ्या गावाची बुडं सांभाळून वर नवरा कुठे सांभाळू?"

फ्रान्स हरला, जर्मन आले, पुलावर चौकी बसली, तरी तिची सायकल थांबली नाही. शिपायांना तिची बडबड कळायची नाही आणि ती थांबायचीही नाही, म्हणून ते कंटाळून तिला सोडून द्यायचे. ती त्यांच्याशी हसते याचा मला राग यायचा. दोनदा तर मी मुद्दाम तिला करपलेला पाव दिला. तिने तो मुकाट्याने घेतला.

त्या वळलेल्या दोऱ्यांच्या पोटात कागदाच्या पट्ट्या असायच्या. जर्मनांशी लढायला जंगलात लपलेल्या आमच्या पोरांचे निरोप. ते आमच्या दुकानातून निघायचे, उत्तरं तिथेच परत यायची, आणि तिला द्यायचा तो फेर्नाँ. एका घरात, एका ताटात जेवून मला याचा पत्ता नव्हता. अशा कामात बायकोलाही सांगायचं नसतं म्हणे. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हे आता मी कुणाला सांगू?

त्यांची एक खूणही ठरलेली होती. दुकानाच्या खिडकीत एक पाव पालथा दिसला, तर आत यायचं नाही, तशीच सायकल पुढे न्यायची. आमच्याकडे पाव पालथा कुणी ठेवत नाही. पूर्वी जल्लादाचा पाव तेवढा पालथा ठेवायचे, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणाचा हात लागू नये. तेव्हापासून तो घरात अवदसा आणतो. त्यामुळे पाव चुकून कधी पालथा राहणार नाही, खूण अगदी पक्की, असं त्या शहाण्यांनी ठरवलं. घरात मी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

चव्वेचाळीसच्या मार्चमधल्या एका सकाळी मी दूध आणायला गेले होते. तेवढ्यात साध्या कपड्यांतले दोन जर्मन पोलीस आले आणि भट्टीमागच्या खोलीत दबा धरून बसले. दुकान नेहमीसारखं चालव, असं त्यांनी फेर्नाँला बजावलं. इथून निरोप जातात एवढं त्यांना कळलं होतं, नेतं कोण ते नव्हतं. फेर्नाँने फळीवर पाव रचता रचता एक खिडकीत पालथा ठेवला.

मी आले आणि आधी तोच दिसला.

"एवढं वय झालं, तुला पाव ठेवता येत नाही?" मी म्हणाले.

"राहू दे तो, बेर्थ."

"दुकानात अवदसा आणायची आहे का?"

मी तो सुलटा केला आणि माझ्या आईसारखी त्यावर बोटाने क्रुसाची खूण केली. फेर्नाँ माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, पावाला आलेल्या बायकांसमोर बोलले म्हणून ओशाळला.

सोलांज तिसरी आली. पोलीस बाहेर येऊन प्रत्येकाला तपासत होते. त्यांनी तिच्या दोऱ्या उसवल्या, आतून पट्ट्या निघाल्या. फेर्नाँकडे तिने एकदाही पाहिलं नाही. दारातून नेताना मला म्हणाली, "बेर्थ, आईला सूप पातळ लागतं. दात नाहीत तिला."

फेर्नाँलाही नेलं. एकोणीस दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. परत आला याचा अर्थ तिने त्याचं नाव घेतलं नाही. कुणाचंच घेतलं नाही. तिला जर्मनीत बायकांच्या छावणीत पाठवलं. पुढच्या फेब्रुवारीत ती तिथे मेली. आम्हाला ते उन्हाळ्यात कळलं.

मी रोज म्हातारीला सूप भरवायला जात होते. लढाई संपल्यावर जंगलातल्या पोरांचा म्होरक्या तिच्या घरी आला. त्याने फेर्नाँलाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पाव पालथा ठेवायचं ठरलं होतं. ठेवला होतास का?"

माझ्या हातात चमचा होता. त्या क्षणी मला सगळं कळलं.

फेर्नाँने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "घाबरलो होतो. विसरलो."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. म्हातारी म्हणाली, "या माणसाची पावलं पुन्हा माझ्या दारात नकोत." अर्ध्या गावाने आमचा पाव बंद केला. भर बाजारात लोक त्याच्याकडे पाठ फिरवायचे, आणि मला मात्र वाट करून द्यायचे, कारण मी सोलांजच्या आईला सांभाळणारी.

एकदा मला राहवलं नाही. मी फेर्नाँला म्हणाले, "मी सांगून टाकते सगळं."

तो आखडलेल्या बोटांनी कणीक मळत होता. म्हणाला, "मग तिला सूप कोण भरवणार? तुझ्या हातचं घेईल का ती?"

मला ते हवंच होतं. सबब मिळाली आणि मी गप्प बसले. माझ्याइतकी भित्री बाई आमच्या गावात दुसरी झाली नसेल.

म्हातारी आणखी सहा वर्षं जगली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "सोलांज गेली, पण देवाने तुला दिलं." आणि बजावलं की फेर्नाँने तिच्या शवपेटीमागे चालायचं नाही.

तो चालला नाही. आमच्या दुकानासमोरून प्रेतयात्रा गेली तेव्हा टोपी हातात धरून दारात उभा होता. मी लेकीच्या जागी, सगळ्यांच्या पुढे चालत होते.