येतो म्हणायचं असतं

चिकलठाण्याच्या कारखान्यात कारभारी नावाचा ड्रायव्हर होता. मालक नानासाहेब पवनचक्क्यांचे सुटे भाग बनवायचे, आणि ऑर्डरी यायच्या डेन्मार्कच्या कंपनीकडून. ती कंपनी म्हणजे आपल्या लोकांच्या लेखी एकच माणूस, वर्षातून एकदा तपासणीला येणारे हेनिंगसाहेब. कामगारांनी त्यांचं ‘हणमंतराव’ करून टाकलं होतं, आणि साहेबही त्या नावाला ओ द्यायचे.

पहिल्या खेपेला विमानतळाच्या वाटेवर साहेबांनी पुस्तकातलं मराठी पाजळलं, “कारभारी, मी जातो.”

कारभाऱ्यानं करकचून ब्रेक मारला. “तसं म्हनू नाय! येतो म्हना. जातो म्हनलं की मानूस परत येत नसतो.” आणि पठ्ठ्यानं गाडी वळवून साहेबांना फाटकात आणलं, पाणी पाजलं, ‘येतो’ वदवून घेतलं, मग नेलं. मुंबईचं विमान अर्थातच उडालेलं! नानासाहेबांनी त्याला उभा-आडवा झाडला. साहेब मात्र पोट धरून हसले. त्या दिवशी ते कारभाऱ्याकडंच जेवले. त्याच्या बायकोचे, सुगंधाबाईचे धपाटे किती खाल्ले ते विचारू नका. तेव्हापासून निरोपाला धपाट्यांचं गाठोडं ठरलेलं, आणि त्याचं फडकं पुढच्या साली धुऊन, इस्त्री करून परत. शेजारणी चिडवायच्या, “सुगंधे, तुझं फडकं इमानात फिरतंय, तू कवा?”

नानासाहेबांनी हॉटेलात मेजवान्या कमी दिल्या नाहीत. पण भागीदारी टिकली ती त्या फडक्यावर, असं अख्खा कारखाना म्हणायचा.

पुढं ती डेन्मार्कची कंपनीच कुणी विकत घेतली. ऑर्डरी आटल्या, रात्रपाळी बंद पडली. त्या साली साहेब नानासाहेबांच्या केबिनमधून मान खाली घालून बाहेर आले. फकिरा वेल्डर कारभाऱ्याच्या कानाशी लागला, “तुलाच सांगतील ते. पुढच्या साली येनार का, तेवढं इचार. पोरीचं लगीन धरावं का नाय, मला कळू दे.”

विमानतळावर कारभाऱ्यानं तोंड उघडायच्या आतच साहेबांनी गाठोडं सोडलं. धपाटे डब्यात ठेवले, फडक्याची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

“आत्ताच कशापायी? पुढच्या साली आना की.”

“कारभारी, मी जातो.”

“येतो म्हना, हणमंतराव.”

“खोटं होईल.”

“होऊ द्या. म्हना तरी.”

साहेबांनी नुसतं त्याच्या खांद्यावर थोपटलं. पाठ फिरवून ते आत गेले. गाडी वळवायला कारभारी पटाईत होता, पण आता वळवून आणणार कुणाला?

फाटकावर फकिरा धावतच आला. “काय म्हनले?”

कारभाऱ्यानं खिशातलं फडकं मुठीत दाबलं. “येतो म्हनले.”

“लई झालं बाबा!” फकिरा तसाच सोयरिकीची बोलणी करायला सुटला. कारभाऱ्यानं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

संध्याकाळी खुंटीवरचा सदरा धुवायला काढताना सुगंधाबाईच्या हाताला फडकं लागलं.

“अगं बाई, हे आजच कसं आलं?” तिनं ते नाकाशी नेलं. “ह्याला तर धपाट्याचा वास हाय अजून.”

कारभारी उठून दाराबाहेर गेला. सदरा तिनं धुतला. फडकं मात्र तिनं त्या दिवशी धुतलं नाही.