वरच्या फळीवरचे मासे

वर्ना हॉलिचुक दुकानदार नव्हती, पण लार्कफील्ड गावात खेळणी म्हटलं की तिचंच नाव निघे. चर्चच्या तळघरात तिची खोली होती, आणि आसपासच्या स्वमग्न मुलांना तिथून महिनाभरासाठी खेळणं घरी न्यायला मिळे. खोक्यावर छापलेल्या वयाकडे ती ढुंकूनही पाहत नसे. मूल काय घट्ट धरतं, काय भिरकावतं, कशाने कान झाकून घेतं हे बघायला सहासष्टाव्या वर्षीही ती तासभर जमिनीवर बसायची. दिवे लागणारं, गाणी म्हणणारं खेळणं कुणी देणगी म्हणून आणलं की ते तुमच्याच हौसेचं, तुम्हीच खेळा, असं तोंडावर सांगायची. गाव तिला खाष्ट म्हणे.

तिच्या खोलीत तीन फळ्या होत्या. तोंडात घातलं तरी चालेल ते खाली, बारीक तुकड्यांचं ते वर. मूल वरच्या फळीवर गेलं की त्याच्या कार्डावर ती तारीख घालायची आणि शेजारी लाल चांदणी चिकटवायची.

त्या गुरुवारी दुपारी ती परत आलेला मासेमारीचा खेळ तपासत होती. बारा लाकडी मासे, प्रत्येकाच्या तोंडात वाटाण्याएवढा लोहचुंबक. दोन माशांची तोंडं रिकामी होती. तिने पिशवी उलटी करून झटकली, मग फरशीवर गुडघे टेकून शोधलं. काहीच सापडलं नाही.

एक चुंबक पोटात गेला तर बहुतेक वेळा निघून जातो. दोन गेले तर ते एकमेकांना ओढतात, आणि मध्ये सापडलेल्या आतड्याला भोक पडतं. हे गावातल्या आयांना तिनेच शिकवलं होतं. तिने कार्ड काढून पाहिलं. खेळ एमटच्या घरून आला होता. एमट पाच वर्षांचा, आणि बोलत नाही. पोट दुखलं तर सांगणार कसं?

त्याची आई रोशेल फोनवर म्हणाली की कालपासून तो जेवला नाही. पण त्यात नवल काय, पांढऱ्या पदार्थांशिवाय तो कशाला शिवतो?

"त्याला पाणीसुद्धा देऊ नकोस," वर्ना म्हणाली. "गाडीत घाल आणि हॉस्पिटलला ये. मी दारात आहे."

एक्स-रेमध्ये एकमेकांना चिकटलेले दोन गोल ठिपके दिसले. डॉक्टर एमटला आत घेऊन गेले. दार लागलं तरी त्याचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि मग ते एकदम थांबलं. ते थांबणंच वर्नाला सहन होईना. काहीतरी बोलायचं म्हणून ती पुटपुटली, की खेळ देताना मी विचारलं होतं, तोंडात घालतो का, आणि तू नाही म्हणालीस.

"खोटं बोलले मी," रोशेल म्हणाली. "घर बदलल्यापासून सगळं पुन्हा तोंडात घालतोय. कॉलर, किल्ल्या, सगळं."

"मग सांगितलं का नाहीस, बाई?"

"तुम्ही त्याला खालच्या फळीवर टाकलं असतं. त्याला चांदणी मिळाली त्या दिवशी मी माझ्या आईला फोन केला होता, वर्ना. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच होतं माझ्याकडे."

वर्नाला रागवायचं होतं, पण राग येईना. पोरांना वर चढवणाऱ्या फळ्या तिनेच ठोकल्या होत्या. चांदण्याही तिच्याच.

तासाभराने डॉक्टर आले. चुंबक जठरातच होते, तोंडावाटे नळी घालून काढले. आतड्यात उतरले असते तर पोट फाडावं लागलं असतं. एमट झोपला होता. रोशेल त्याच्या पावलांना धरून रडली. वर्नाने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. खोलीतल्या डब्यात एकतीस कार्डं होती, आणि त्यातल्या अकरांवर चांदणी होती.

सकाळी तिने उरलेल्या दहा घरी फोन लावायला घेतले. प्रत्येकीला ती एकच सांगत होती.

"तुझं लेकरू खाली जात नाही की वर जात नाही, त्या चांदण्या मी फाडून टाकल्यात. मला फक्त खरं सांग. तोंडात घालतं का?"

पहिल्या तिघी नाही म्हणाल्या. चौथ्या घरी काचेच्या मण्यांचा डबा गेलेला होता. तिथे फोन उचलला गेला, वर्नाने विचारलं, आणि पलीकडची आई म्हणाली, "थांबा, आधी तो डबा पोराच्या हातातून काढून घेते."