फकीरप्पाच्या न्हाणीची खिडकी

फकीरप्पा चित्रगारनं आमच्या नाटक कंपनीचे पडदे अडतीस वर्षं रंगवले. राजवाडे, तुरुंग, अरण्यं, स्मशानं, सगळी त्याच्या हातची. पण त्याचा खरा हात बसला होता तो खिडकीवर. एकदा बनशंकरीच्या जत्रेत एका नव्या नटानं फकीरप्पानं रंगवलेल्या खिडकीतून खरोखरच उडी घेतली. नाक फुटलं, पडदा फाटला, आणि त्या रात्रीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या उडीलाच पडल्या.

अशा माणसाच्या स्वतःच्या न्हाणीघराला मात्र खिडकी नव्हती.

कंपनी मोडल्यावर तो आणि त्याची बायको निंगव्वा इलकलला येऊन राहिले. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून. निंगव्वा कंपनीचे कपडे शिवायची; मी रंगभूमीवर जितक्या राण्या झाले, त्या साऱ्यांच्या चोळ्या तिच्या सुईखालून गेल्या. घर जुनं, कौलारू. मागच्या न्हाणीत चुलीवर तांब्याचा हंडा असायचा आणि धूर कौलांच्या फटींतून आपापल्या वाटेनं निघून जायचा. मग मुलानं हौसेनं न्हाणीला स्लॅब घातला, गुळगुळीत फरशा बसवल्या आणि गॅसचा गीझर लावला. फटी सगळ्या बुजल्या. हवा कुठून येणार, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी निंगव्वा ओल्या अंगानं रांगत बाहेर आली आणि उंबऱ्यावर पडली. डॉक्टरांनी फकीरप्पाला फैलावर घेतलं. "अहो, बंद खोलीत गीझर पेटला की तो खोलीतली हवा खातो आणि विष सोडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपल्यासारखा जातो. गीझर बाहेर काढा, भिंतीला वर खिडकी पाडा, दाराखाली फट ठेवा. तोवर तो पेटवायचा नाही."

"उद्या खिडकी होईल," फकीरप्पा म्हणाला.

आणि झाली. कंपनी सुटल्यापासून सहा वर्षं हात थरथरतो म्हणून त्यानं ब्रश धरला नव्हता. त्या दिवशी तो न्हाणीत शिरला तो संध्याकाळीच बाहेर आला. मागच्या भिंतीवरच्या फरशा त्यानं उपटून काढल्या होत्या आणि त्या जागी खिडकी रंगवली होती. सागवानी चौकट, वाऱ्यानं फुगलेला निळा पडदा, कठड्यावर पोपट, पलीकडे आमराई. एकही रेघ हललेली नव्हती.

हे सांगताना मला लाज वाटते, पण आम्ही तिघांनीही ती खिडकी मान्य केली. मी आत उभी राहिले आणि माझ्या मानेला वारा लागला. निंगव्वा म्हणाली, "अक्का, काय मोकळं वाटतंय बघ." आम्ही कंपनीची माणसं. रंगवलेल्या नदीत आम्ही बुडालोय, रंगवलेल्या उन्हात आमचे घसे सुकलेत. रंगवलेल्या खिडकीतून हवा येत नाही, हे आम्हाला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहा घेत बसले होते. आत निंगव्वाची आंघोळ चाललेली, गीझर पेटलेला. तांब्या खाली पडल्याचा आवाज झाला आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. नशीब, डॉक्टरांच्या धाकानं कडी लावलेली नव्हती. निंगव्वाला ओढून आम्ही दारात आणली. अर्ध्या तासानं तिनं डोळे उघडले, नवऱ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या खिडकीखाली मी मेले असते हो. खरी खिडकी होईपर्यंत मी या घरात आंघोळ करणार नाही."

ती बोलली तशी वागली. दुसऱ्या दिवसापासून निंगव्वा सातच्या बसनं हुनगुंदला बहिणीकडे आंघोळीला जाऊ लागली. पिशवीत पंचा, साबण, बदलायचं लुगडं. कंडक्टर विचारायचा, "अव्वा, आज डोक्यावरून का नुसती?" आठवडा झाला तशी बहीण म्हणाली, आता इथंच राहा, रोज कशाला ये-जा करतेस. निंगव्वानं ते घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाली, "ती म्हणते ते काही चूक नाही." फकीरप्पा ताटावरून उठला आणि मिस्त्रीला निरोप धाडायला गेला.

मग इमामसाब आला. खिडक्या-दारं बसवणारा, गावात नावाजलेला.

"तिरक्या काचांच्या पट्ट्यांची लावू का, फकीरप्पाण्णा? सगळीकडे तीच असते."

"त्या पट्ट्या बाहेरून एकेक उपसता येतात. चोर आत येईल."

"तुमच्या न्हाणीतून चोर काय नेणार? बादली?"

"आणि ओल्या हातानं काच फुटली तर?"

"बरं, सरकती घ्या."

"ती अर्धी कायम बंदच. अर्धा श्वास घ्यायचा का तिनं?"

"सिमेंटची जाळी?"

"तिच्यातून सगळं दिसतं."

इमामसाबनं माझ्याकडे बघितलं. "अक्का, याला खिडकी पाहिजे की सून बघायचीय?"

शेवटी एक पसंत पडली. वर बिजागऱ्या, खालून बाहेर ढकलायची झडप, जाड न फुटणारी दुधी काच, आतून लोखंडी गज, आणि बसवायची डोक्याच्या वर. पाऊस आत येत नाही, वाफ बाहेर जाते. गीझर बोळात टांगायचा, आत फक्त गरम पाण्याची नळी.

पण मागची भिंत बसलिंगप्पांच्या अंगणावर होती. बसलिंगप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. साऱ्या गावाची पत्रं हातातून गेली, पण एकही उघडून वाचलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. ते म्हणाले, "फकीरप्पा, माझ्या अंगणात तुझी खिडकी उघडणार, तर उद्या लोक म्हणतील, म्हातारा खुर्ची टाकून कुठं बघत बसतो? माझी अब्रू आहे."

"काही दिसणार नाही, साहेब."

"हे तू कशावरून सांगतोस?"

कंपनीत नवा पडदा लागला की फकीरप्पाची एक रीत होती. चटईवर, खुर्चीवर, माडीवर माणसं बसवायची आणि कुठून काय दिसतं ते विचारायचं. विंगेतला नट प्रेक्षकाला दिसता कामा नये. तेच त्यानं इथं केलं. तुरुंगाचा जुना कापडी पडदा आणला, बसलिंगप्पांच्याच अंगणात बांबू रोवले, चारी बाजूंनी आणि वरून कापड लावून न्हाणी उभी केली, उंचीवर भोक पाडून इमामसाबची झडप बसवली. आत उभं राहायला मी. निंगव्वा म्हणाली, "अक्का, दिसलंच तर राजेशाही दिसू दे," आणि तिनं मला राणीचा शालू नेसवला, मुकुट घातला. आत मी रिकामा तांब्या घेऊन अंगावर खोटं खोटं पाणी ओतत होते.

बातमी पसरली. चटया भरल्या. लोक मिरचीभजी आणि मंडक्की, म्हणजे चुरमुरे, खात भोकाकडे बघत बसले.

"काय दिसतं?" फकीरप्पानं विचारलं.

"छत," चटईवरून उत्तर आलं.

"खुर्चीवरून?"

बसलिंगप्पा खूप वेळ बघून म्हणाले, "छतच."

"माडीवरून?"

"नुसती दुधी काच दिसते मामा," बसलिंगप्पांच्या सुनेचा आवाज आला. "आत अक्का आहेत ना नक्की?"

मग हवेची परीक्षा. इमामसाबनं माझ्या पायाशी लोबान पेटवला. खालचं कापड जमिनीला टेकलेलं होतं, तोवर धूर आतच घुमत राहिला आणि मी खोकून बेजार झाले. कापड चार बोटं वर उचललं, तशी खालून हवा शिरली आणि धूर सरळ रांगेत झडपेतून बाहेर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मी पहिल्यांदाच असा खेळ केला, ज्यात मी दिसले नाही म्हणून लोक खूश झाले. बसलिंगप्पा उठून म्हणाले, "पाडा भिंत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच इमामसाब छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि न्हाणीत जाऊन थबकला. झडप बसायची ती जागा नेमकी निळ्या पडद्याची होती. फकीरप्पानं जागा बरोबर निवडली होती. जन्मभर तेच तर केलं होतं.

"शेजारच्या कोपऱ्यात पाडू?" इमामसाबनं हळू विचारलं.

"तिथं तुळई आहे," फकीरप्पा म्हणाला. मग भिंतीकडे बघत राहिला. सहा वर्षांनी हाताला आलेलं ते एकच काम. दारात निंगव्वा उभी होती, हातात हुनगुंदची पिशवी. तिला सातची बस गाठायची होती.

फकीरप्पानं हातोडा मागून घेतला. हात इतका थरथरत होता की पहिला घाव पोपटाला लागला. दुसरा पडद्याला. नंतरचे इमामसाबनं घातले.

चार दिवसांनी खिडकी बसली, दार खालून चार बोटं कापलं, गीझर बोळात गेला. निंगव्वा आत गेली आणि आम्ही दाराबाहेर बसलो. फकीरप्पा दर घडीला विचारायचा, "आहेस ना?"

"आहे."

"आहेस ना?"

"हळद लावतेय. गप बसा जरा."

पाऊण तासानं ती कुडकुडत बाहेर आली. "काय गार वारा येतो हो त्या खिडकीतून," ती करवादली, "दात वाजायला लागले."

फकीरप्पाला कंपनीत शाली मिळाल्या, नारळ मिळाले. त्यातलं काही तो कुणाला सांगत नाही. पण निंगव्वाचे दात कसे वाजले, ते त्यानं त्या दिवशी बाजारातल्या प्रत्येकाला सांगितलं. मलाच तीनदा.