साळूबाई, वर बघ!

तिसगावच्या पुढं माळावर एक वस्ती आहे, तिथं वर्षातून एकदा सिनेमा लागतो. थेटर म्हणजे गोरक्षची पुढची खोली. दसरा झाला की वस्तीची ऊसतोडीला जायची गडबड सुरू होते. ट्रक यायच्या आदल्या दुपारी गोरक्षच्या खिडक्यांना घोंगड्या टांगायच्या, टोळीतल्या सगळ्यांनी दाटीवाटीनं बसायचं आणि ‘झुंजार माळरान’ बघायचा, असा रिवाजच पडून गेलाय. वीसेक वर्षांमागं कुणी एक हौशी माणूस आला, त्यानं याच माळावर हा सिनेमा काढला आणि नंतर तो कुठं गडप झाला कुणास ठाऊक. एक सीडी तेवढी वस्तीत राहिली.

सिनेमा इतका टुकार, की काही विचारू नका! गोष्ट राजेरजवाड्यांच्या काळातली आणि सेनापतीच्या मागं विजेचा खांब. सेनापती ओढ्यात शिरतो तांबड्या घोड्यावर, पलीकडं निघतो तो पांढऱ्या घोड्यावर. गोरक्षनं त्यात मढ्याचं काम केलेलं. रणात पडलेलं हे मढं हात उचलून नाकावरची माशी हाकलतं. ती जागा आली, की वस्ती एका आवाजात ओरडायची, “गोरक्ष, माशी!” आणि मढ्याचा हात वर! पोट धरधरून हसायची माणसं. चांगल्या सिनेमात काय असतं हो, गप तोंड मिटून बघायचं. इथं ज्यानं त्यानं आपली चूक वाटून घेतलेली, आणि ती आली की कॉलर ताठ.

कानिफनाथची चूक शेवटाकडं होती. सेनापती लढाईला निघतो आणि गावच्या बाया रडतात, असा तो देखावा. “रडा, पण कॅमेऱ्याकडं बघू नका,” असं सगळ्यांना दहादा बजावलेलं. बायांच्या घोळक्यात कानिफनाथची बायको साळूबाई होती, नवी नवरी. आणि कॅमेऱ्याला खेटून, तोंडावर उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा फळा धरून खुद्द कानिफनाथ उभा. तोंड असं गंभीर केलेलं, जसा काही लढाईला हाच निघालाय. साळूबाई खाली मान घालून रडत होती, झकास रडत होती. मग तिनं मान वर केली, नवऱ्याचं ते ध्यान बघितलं आणि फिस्सकन हसली. पदर तोंडाला लावेपर्यंत हसू सांडून गेलेलं. बाकीच्या बाया रडतायत आणि मधोमध ही हसतेय, थेट समोर बघून.

तिथं वस्ती ओरडायची, “साळूबाई, वर बघ!” आणि साळूबाई वर बघायची. खरीखुरी साळूबाई शेजारी बसलेली असायची, ती लाजून चूर. “मेलं ते सारखं काय लावता!” म्हणायची आणि डोळे मात्र टीव्हीवर.

चार सालांमागं परमुलखात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, काविळीनं ती गेली. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. कानिफनाथ एकटाच परत आला. घरात तिचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, त्यात ती गुन्हेगारासारखी बघते. लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत कुणाची होती? हसणारी साळूबाई जगात एकाच ठिकाणी उरली होती, त्या टुकार सिनेमात. तेही पापणी लवायच्या आत जाणारी.

पहिल्या साली लोकांना वाटलं, आता तिथं ओरडायचं कसं? तो देखावा आला आणि खोली गपगार झाली. तेव्हा कानिफनाथच ओरडला, “साळूबाई, वर बघ!” तिनं वर बघितलं. कॅमेऱ्याकडं नव्हे, त्याच्याकडं. तो हसला आणि हसता हसता रडला. मग पुढं दरसाल सगळे पहिल्यासारखे ओरडायला लागले. सीडी झिजेल म्हणून मधे कधी लावायची नाही, हा कानिफनाथचाच दंडक. वर्षाच्या त्या एका दुपारवर त्याचे बाकीचे दिवस कसेबसे टेकून उभे असायचे. त्याला दुसरं काही नको होतं.

गेल्या साली मात्र सीडी अडकायला लागली, पाठीवरची चंदेरी सालं निघायला लागली. यंदा उन्हाळ्यात लेकीचं लग्न उरकल्यावर गोरक्ष म्हणाला, “काळजी करू नको. आमचे नवे जावई केडगावात लग्नाच्या शूटिंगचंच काम करत्यात. पेन ड्राईव्हवर घेऊन देतील.” कानिफनाथनं सीडी धुतल्या फडक्यात गुंडाळून स्वतः जावयाच्या हातात दिली. “जशीच्या तशी घ्या बरं का, पाहुणं,” एवढंच बोलला. का, ते सांगायची लाज वाटली. बायकोचं हसू बघायचंय, असं परक्या पोराला कोण सांगतं?

जावई, योगेश, दसऱ्याला आला. लग्नानंतरचा पहिला दसरा. नवा शर्ट, टोपी, पुरणपोळी, सगळा थाट. पोरगा स्वभावानं गुणी. दुसऱ्या दिवशी दुपारी घोंगड्या टांगल्या, त्यानं पेन ड्राईव्ह टीव्हीला लावला आणि सिनेमा सुरू झाला. चित्र असं लख्ख, की लोक “वाऽऽ” म्हणाले.

मग सेनापती आला. मागं खांब नव्हता. कुणीतरी म्हणालं, “खांब कुठं गेला रं?” योगेश गालात हसला. सेनापती तांबड्या घोड्यावर ओढ्यात शिरला आणि तांबड्याच घोड्यावर निघाला. रण आलं, सवयीनं सगळे ओरडले, “गोरक्ष, माशी!” मढं मढ्यासारखं पडून राहिलं.

“सगळ्या चुका काढल्या, मामा,” योगेश कानिफनाथला म्हणाला. डोळ्यांत काय ती उमेद! “महिनाभर रोज बसलो. तुमच्या गावाचा सिनेमा, लोकांनी हसू नये त्याला.”

कानिफनाथ पुढं सरकला, टीव्हीच्या अगदी जवळ. बायांचा घोळका आला. सगळ्या खाली मान घालून रडत होत्या, आणि त्यांत साळूबाई होती, मान खाली. खोलीतलं कुणीच ओरडेना. कानिफनाथच हळूच म्हणाला, “साळूबाई, वर बघ.”

मान हलायला लागली तोच देखावा तुटला. टीव्हीवर नुसतं आभाळ आलं.

“ती बाई कॅमेऱ्यात बघत होती,” योगेश समजावून सांगायला लागला. “आमच्या कामात पहिली गोष्ट तीच, कॅमेऱ्यात बघणारं माणूस उडवायचं.”

“पहिल्यासारखा असंल की कुठं,” कानिफनाथ म्हणाला. “सीडीत. तुमच्या कॉम्पुटरात.”

“सीडीचा तर भुगाच झाला शेवटी. आणि कॉम्पुटरात लग्नांची गर्दी, जागा नव्हती. जुनं उडवलं. आता हाच बघायचा, मामा. कसा झालाय?”

गोरक्षनं मान खाली घातली. सगळ्या खोलीला कळलं होतं, योगेश सोडून. पण पहिल्या दसऱ्याला आलेला जावई. त्याला कोण बोलणार? गोरक्षची लेक दारात उभी राहून कौतुकानं नवऱ्याकडं बघत होती. एक शब्द तोंडातून गेला असता, तर ते पोरगं जन्मभर या दारात ताठ मानेनं आलं नसतं. कानिफनाथ योगेशकडं वळला.

“लई भारी झालाय, पाहुणं,” तो म्हणाला. “अगदी खऱ्या सिनेमावानी.”

पुढं कुणी हसलं नाही. चुका गेल्यावर उरला तो नुसता टुकार सिनेमा. एकेक जण कोयत्याला धार लावायचंय, भांडी बांधायचीत म्हणत उठला. सिनेमा संपायच्या आत खोली रिकामी झाली. अशी गत कधी झाली नव्हती.

योगेश टीव्हीपाशी होता, बाकी कानिफनाथ तेवढा बसून राहिला. म्हणाला, “पाहुणं, तेवढं बायांचं पुन्यांदा लावा.” योगेशनं लावलं. मान हलली, आभाळ आलं. “आजून एकदा.” मान हलली, आभाळ आलं. असं कितीतरी वेळा झालं, तेव्हा योगेशला राहवेना. त्यानं विचारलं, “मामा, इथं काय होतं हो?”

“काय न्हाई,” कानिफनाथ म्हणाला. त्याची नजर टीव्हीवरच होती. “एक बाई हुती. चुकून हसलेली.”