राहिलेली नऊ पानं

तुमच्या गावच्या ग्रंथालयात खडी फोडणारी बाई कधी आलेली पाहिलीत? खरं सांगा. झाडलोट करायला आलेली धरू नका.

बोरीपासून कोसभरावरच्या एका गावात असं ग्रंथालय होतं. चावडीला लागून खोली, तीन कपाटं, एक बाक. बाकावर गावातले मास्तर आणि अध्यक्ष बन्सीधर पेपर वाटून घेऊन बसायचे. सूर्यभान तिथला शिपाई. बौद्धवाड्यातला, सातवी शिकलेला. त्यानं झटकलेली पुस्तकं मंडळींना चालायची, त्यानं भरलेलं पाणी चालायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. गाव सरकारी दुष्काळी कामावर, खडी फोडायला गेलं. सूर्यभान म्हणाला, माणूस इथं येऊ शकत नसेल तर पुस्तकानं तिकडं जावं. याला काय मोठी अक्कल लागते? एक कादंबरी पिशवीत घालून तो दुपारी खडी केंद्रावर गेला. बाया कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन लिंबाखाली टेकल्या होत्या.

"काय आणलास रे? नोटीस हाय का?" सगुणाबाईनं विचारलं. नात्यानं त्याची चुलती, साठीची, तोंडानं तिखट.

"गोष्ट हाय, काकू."

"मंग वाच की. का हुंगायला आणलास?"

पुरात नदीपल्याड अडकलेली बाळंतीण आणि तिच्याकडं निघालेली तिची माय, अशी ती गोष्ट. रोज एक प्रकरण. दुपार लांबली तरी मुकादम हाकारत नव्हता, तोच कान देऊन बसायचा. सूर्यभानही पुढचं पान आधी उलटत नसे. बायांबरोबरच त्याला कळायचं.

पण त्याच्या हातून एक चूक झाली. रोजच्या वाचकांच्या सह्या वहीत घ्यायचा नियम होता. नियमाचा पक्का माणूस, त्यानं वही खडीवर नेली. सह्या कुणाला येत नव्हत्या. बायांनी अंगठे दिले.

सगुणाबाई पदराला अंगठा पुसत म्हणाली, "आजवर अंगठा दिला की घरातलं कायतरी गेलं. ह्या अंगठ्यानं पयल्यांदा कायतरी मिळायलाय."

ग्रंथालयाच्या तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले. वहीत पानंच्या पानं अंगठे. साहेब हसले. "अध्यक्ष, खोटेच वाचक दाखवायचे तर निदान सह्या तरी ठोकायच्या."

"ह्याचा उद्योग हाय, साहेब," बन्सीधरनं सूर्यभानकडं बोट केलं. "वाड्यातल्या बायांपुढं पुस्तकं नाचवायलाय."

सूर्यभान पळत खडीवर गेला, सगुणाबाईला घेऊन आला. कोपरापर्यंत पांढऱ्या धुळीचे हात घेऊन ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि वाचून झालेली सगळी गोष्ट तिनं सांगितली. एक नाव चुकलं नाही. साहेबांनी चष्मा काढून ठेवला, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बाई, चांगलं सांगितलंत. पण ऐकणाऱ्याला आमच्या कागदात रकाना नाही."

ग्रंथालयाची मान्यता गेली. सूर्यभानची नोकरी गेली. खोलीला कुलूप लागलं, कादंबरी आत राहिली.

त्यानंतर विहिरीवर, बाजारात, कुठंही भेटली की सगुणाबाईचं एकच. "माय पोचली का रे लेकीजवळ?"

चार वर्षं. किल्ली मागायला तो बन्सीधरच्या ओसरीपुढं किती वेळा उभा राहिला, त्याला गणती नाही. एकदा मात्र त्यानं मनानंच सांगून टाकलं, की पोचली, लेक सुखरूप हाय. सगुणाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "हे पुस्तकातलं न्हाई, सूर्यभान. हे तू माझ्यासाठी केलास." आणि घागर उचलून ती चालू लागली.

शहात्तरच्या उन्हाळ्यात ती वारली. दोन महिन्यांनी बन्सीधरनं कडब्यासाठी ती खोली उघडली आणि पुस्तकं बाहेर फेकली. सूर्यभाननं ढिगातून कादंबरी शोधली. खुणेची लिंबाची काडी जागच्या जागी होती. त्यानं पुढची पानं मोजली. नऊ. एका दुपारचं काम.

ती नऊ पानं त्यानं अजून वाचलेली नाहीत.

तुमच्या गावच्या ग्रंथालयाची किल्ली कुणाकडं असते, ते आजच जाऊन विचारा. एक पुस्तक काढा, बाया कामावर जिथं टेकतात तिथं न्या आणि वाचा. अंगठ्यासाठी वहीत रकाना आखा. आणि एकदा सुरू केलंत तर शेवटच्या पानापर्यंत वाचा, मधे सोडू नका.