रिकाम्या टाकीचा दिवा

आमच्या दूध सोसायटीचे कारकून घरी आले की चहाआधी बटणं बघतात. टीव्ही बंद असला तरी त्याच्या खालचा बारीक लाल दिवा त्यांना खुपतो. "सर, बंद हाय म्हणता, मग ह्यो कावून जळायलाय?" म्हणत ते भिंतीवरचं बटण स्वतःच दाबतात. मोबाईल न लावलेला चार्जरही उपटून माझ्या हातात देतात. "गळका नळ हाय ह्यो. टिपूस टिपूस लई जातं." पाण्याच्या टँकरवर जगणाऱ्या गावात गळका नळ म्हणजे गुन्हाच. मी चिडतो आणि चार्जर खणात टाकतो.

यंदा दुष्काळानं जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं. परवा दुपारी सोसायटीत डोकावलो, तर कारकून एकटेच बसलेले. मागं दूध थंड करायची मोठी टाकी रिकामी, झाकण उघडं, आणि तिच्या विजेच्या पेटीवर लाल दिवा जळतोय! आता सापडले म्हणून मी हसत बटणाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"राहू द्या, सर. ह्यो दिवा इझला की लोक म्हणतील, सोसायटी बंद पडली. मग पाऊस झाला तरी कुणी दूध घालायचं न्हाई."

हे शहाणपण की खुळेपणा, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी ते चहाला आले आणि नेहमीसारखं त्यांनी आमच्या टीव्हीचं बटण दाबलं. मी नुसता मनगट चोळत बसलो.