वसंतराव कन्यादानाला का बसले नाहीत

दादरला हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात वसंत घाडींसारखा पदर दाखवणारा दुसरा माणूस नव्हता. गिऱ्हाईक बाईचं मन ठरेना झालं, की ते गादीवरून उठायचे, झटक्यात निऱ्या पाडून साडी स्वतःच्याच कमरेला लावायचे आणि पदर खांद्यावरून सोडायचे. एवढ्या मोठ्या मिश्यांच्या माणसावर पैठणी अशी काही खुलायची, की बाई हसत हसत तीच घेऊन जायची.

पुढे हृदय कमजोर झालं, पाय सुजू लागले. डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरवणारी गोळी दिली. सूज गेली, पण काही महिन्यांनी छाती हुळहुळी झाली, आत गाठीसारखं लागू लागलं आणि बघता बघता दोन्ही बाजूंनी बाईमाणसासारखी भरली. बायको असती तर तिला सांगितलं असतं. ती केव्हाच गेली होती, आणि लेकीला असलं काय सांगणार?

एकदा दुकानात ते पदर दाखवत असताना बरोबरचा सेल्समन दीपक म्हणाला, "वसंतराव, आता खरा शोभतो हां पदर." सगळे हसले, तेही हसले. दीपकला बिचाऱ्याला काय ठाऊक, पण जिव्हारी लागायचं ते लागलंच. त्यानंतर त्यांनी साडी अंगाला लावली नाही. लालबागच्या चाळीत उन्हाळ्यात सगळे पुरुष उघडेबंब गॅलरीत बसायचे, तेव्हा हे दार लावून, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टात घामाघूम. शेजारी म्हणाले, माणूस शिष्ट झाला.

अशात लेकीचं, रुचाचं लग्न ठरलं.

"आईच्या नावाची सुपारी कनवटीला लावा आणि कन्यादानाला तुम्हीच बसा, बाबा," ती म्हणाली.

म्हणजे सोवळं नेसायचं, उघड्या अंगावर नुसतं उपरणं, आणि समोर सगळी भावकी. "रघु आणि माया बसतील," ते म्हणाले. रघु त्यांचा धाकटा भाऊ, माया त्याची बायको. "जोडपंच बरं दिसतं."

"माझ्यावर रागावलात का? मुलगा पसंत नाय?"

"तसं काय नाय गं." एवढं बोलून ते मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

शेवटी एकटेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं. "अहो, या गोळीने होतं असं. कित्येक पुरुषांना होतं. आधी का नाही बोललात?" त्यांनी गोळी बदलून दिली, पण छाती उतरायला महिने लागतील म्हणाले. लग्न तर तोंडावर आलेलं. आणि त्या कित्येकांपैकी एकही जण वसंतरावांना कधी भेटला नव्हता.

परळच्या हॉलमध्ये रघु पाटावर येऊन बसला तो सोवळ्यावर चक्क बाह्यांचं बनियन घालून.

"एसी फार लागतो हो, भटजी."

"असू दे, असू दे. हात पुढे करा," भटजी म्हणाले, मान वर न करता.

मागे उभे वसंतराव त्या बनियनकडे बघतच राहिले. एका बनियनचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी कुणालाही विचारला नव्हता. अजूनही नुसतं म्हणायचं होतं, रघु ऊठ, मी बसतो. रुचाने मुंडावळ्या सावरत एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. तोवर मायाने पाण्याची धार धरली, आणि रघुच्या हातातून रुचाचा हात पलीकडे गेला.